निरीक्षक बदलू नये

कोतवालाने पहिल्यांदा माझ्या टाळूवर चोच मारली तेव्हा मला चक्क आनंद झाला होता. आता सांगताना लाज वाटते. डोक्यातून रक्त येतंय आणि ही बाई खिशातून पेन्सिल काढून तक्त्यात चारचा आकडा लिहितेय! आमच्या मोजपट्टीत चार म्हणजे कळस. घरट्याखाली माणूस उभा राहिला आणि पक्षी गप्प बसला, तर शून्य. नुसता ओरडला, तर एक. डोक्यावर घिरट्या घातल्या तर दोन, अंगावर झेप घेतली तर तीन आणि प्रत्यक्ष फटका हाणला तर चार. बारा वर्षं मी हेच मोजत होते. घरट्याखाली जायचं, घड्याळ लावून एक मिनिट उभं राहायचं, शिव्या खायच्या, आकडा लिहायचा आणि पुढच्या झाडाकडे चालू लागायचं.

कोतवाल म्हणजे काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. अंगात मूठभर मांस, पण घरट्यात पिल्लं असली की घारीलासुद्धा टोचून हाकलतो. अशा पक्ष्याच्या रागाचा अभ्यास करायचा ही सरांची कल्पना. सर म्हणजे आमच्या प्रकल्पाचे प्रमुख. साठी उलटलेले, काटकुळे, बोलायला लोण्यासारखे मऊ. ते शहरातल्या संस्थेत बसायचे आणि महिन्यातून एकदा जंगलातल्या केंद्रावर यायचे. केंद्रावर कायमची माणसं तीनच. मी, स्वयंपाक करणारे मामा आणि जीपचा ड्रायव्हर. मामा माझे कोणी सख्खे मामा नव्हेत, पण बारा वर्षं ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांना दुसरं काय म्हणणार?

केंद्र म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या आणि भोवती घाम फुटलेलं जंगल. तिथे काहीच वाळायचं नाही. कपडे नाहीत, अंथरूण नाही, माणूस तर नाहीच. दुर्बिणीच्या भिंगांना बुरशी लागू नये म्हणून एक कपाट होतं, त्यात दिवसरात्र बल्ब जळायचा. सगळ्या केंद्रात कोरडी जागा तेवढी एकच, म्हणून माझी प्रमाणपत्रं आणि ढमीचे फोटोही मी तिथेच ठेवायची. एकदा वैतागून मी मामांना म्हटलं, "मलाही त्या कपाटात ठेवा." मामा म्हणाले, "तुम्ही मावाल हो बाई, पण तुमच्या रागाला दुसरं कपाट करावं लागेल."

ढमी माझी लेक. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढमी. आता पंधरा वर्षांची, काठीसारखी झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलं. मी इथे आले तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिचे वडील तेव्हाच आम्हाला सोडून गेले. मेले नाहीत, गेले. जंगलात शाळा नाही, दवाखाना नाही, म्हणून मी तिला ताईकडे, माझ्या मोठ्या बहिणीकडे ठेवलं. "दोन हंगामांचं काम आहे," सर म्हणाले होते. दोन हंगाम संपले तेव्हा म्हणाले, "आणखी एक, म्हणजे आकड्यांना वजन येईल." मग दरवर्षी आणखी एक. वर्षातून दोनदा मी ढमीला भेटायला जायची, आठ-आठ दिवस. त्यातला पहिला दिवस ती लाजायची आणि शेवटचा दिवस रुसायची. उरलेले सहा दिवस मी आई असायची.

आणि मला सोडायचं नाही हा कोणाचा दुष्टावा नव्हता, तो नियम होता. आमच्या नियमपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चौकटीत छापलंय: 'अभ्यासकाळात निरीक्षक बदलू नये.' एकाला जी झेप वाटते ती दुसऱ्याला घिरटी वाटते. माणूस बदलला की आकडे बदलतात, आणि मागचे-पुढचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत डोळे एकाच माणसाचे हवेत. पटतंय ना? मलाही पटलं होतं. ते पान मीच टाइप केलंय.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. संस्थेच्या संग्रहालयात पक्ष्यांच्या जुन्या नमुन्यांची देखरेख करायला माणूस हवा होता, आणि त्या जागेसाठी माझी निवड झाली होती. ताईच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. खणांमध्ये भुसा भरलेले पक्षी, चोच मारायची म्हटलं तरी मारणार नाहीत. फक्त महिनाअखेरीपर्यंत सरांच्या सहीचं कार्यमुक्तीचं पत्र तिथे पोचायला हवं होतं. ते नसेल तर जागा दुसऱ्याला. राजीनामा देऊन जावं तर बारा वर्षांची नोकरी पाण्यात, आणि राजीनामा दिलेल्या माणसाला संस्था पुन्हा दारात उभं करत नाही. ढमीचं शाळेचं शेवटचं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. फोनवर ती म्हणाली होती, "आई, येणार की नाही ते एकदाच सांग. दरवेळी 'बघू' म्हणू नकोस. मला 'बघू'चा कंटाळा आलाय."

मी सरांना पत्र टाकलं. उत्तर आलं: "तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत. आलेख ऐन वळणावर आलाय. आणखी एक हंगाम."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांचा तो आलेख! पहिल्या वर्षी आमच्या कोतवालांची सरासरी होती एक, आता साडेतीनच्या घरात. सरांचं म्हणणं असं, की जंगलाच्या कडेची झाडं विरळ झाली, त्यामुळे साप आणि शिकारी पक्षी वाढले, आणि म्हणून हे पक्षी वर्षागणिक जास्त चिडके होत गेले. या आलेखावर सरांनी तीन परिषदा गाजवल्या. त्यातला प्रत्येक ठिपका माझ्या टाळूवर पडलाय म्हणा ना.

मग मला ताप आला. चार दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. पाऊसमापकाची नोंद तेवढी चुकवायची नाही, म्हणून मी मामांना पाठवलं. मापक नेमका अकरा नंबरच्या झाडाखाली आहे, आणि त्या झाडावरची जोडी म्हणजे साक्षात कर्दनकाळ. मी म्हटलं, डोक्यावर पातेलं घालून जा. मामा खरंच पातेलं घालून गेले. परत आले ते पातेलं काखेत मारून.

"काय हो बाई, उगाच घाबरवलंत. तुमचे कोतवाल माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हते."

"पिल्लं आहेत ना घरट्यात?"

"आहेत की, चोची वासून. आईबाप शेजारी बसले होते. एकदा 'च्यॅक' म्हणाले आणि आपल्या कामाला लागले."

तापातही मी उठून बसले. अकरा नंबरची जोडी, मी शंभर पावलांवर असतानाच जी आकाशपाताळ एक करते, ती मामांना 'च्यॅक' म्हणून सोडून देते?

पुढचे दहा दिवस मी जे केलं ते सरांना न विचारता केलं. मी, मामा आणि ड्रायव्हर, तिघांनाही सारखे खाकी शर्ट, सारख्या टोप्या. सोळा घरटी. कोणी कधी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि बाकीच्यांनी लांब लपून बघायचं. ड्रायव्हर आधी कुरकुरला, "माझी नेमणूक जीप चालवायला आहे, मार खायला नाही." पण मार त्याला पडलाच नाही. त्याला एक, मामांना एक, फार तर कुठे दोन. आणि मला? अकरा घरट्यांवर चार, पाच घरट्यांवर तीन. नंतर आम्ही ओढ्यापलीकडे गेलो. तिथेही कोतवाल आहेत, पण तो भाग आमच्या अभ्यासाबाहेरचा, त्यामुळे मी तिथे बारा वर्षांत कधी झाडावर चढलेले नाही. तिथल्या पाच घरट्यांनी तिघांनाही सारखंच वागवलं. एक, एक, एक.

मी ओढ्याकाठी दगडावर बसून राहिले. जंगल चिडलं नव्हतं. कुठले साप आणि कुठले शिकारी पक्षी! दर हंगामात झाडावर चढून त्यांची पिल्लं घरट्यातून काढणारी मी. ओळखीसाठी त्यांच्या पायांत रंगीत कडी घालणारी मी. तीच पिल्लं मोठी होऊन माझ्यावर दात धरून होती, आणि बारा वर्षं मी माझ्यावरचाच राग मोजून जंगलाच्या नावाने लिहीत आले होते. एका निरीक्षकाचा नियम आम्ही देवासारखा पाळला, आणि त्या नियमानेच आमचं वाटोळं केलं. माणूस बदलला असता तर पहिल्या दोन वर्षांतच हे कळलं असतं.

रडू आलं. त्याच वेळी, काय सांगू, आतून हसूही फुटत होतं. काम मातीत गेलं होतं. पण काम मातीत गेलं म्हणजे ते संपलं! संपलेल्या कामाला निरीक्षक कशाला लागतो? सही करण्यावाचून सरांना गत्यंतर नव्हतं. मी रात्रंदिवस एक करून तक्ते तयार केले. इतकं स्वच्छ, नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. एकही जागा सोडली नाही जिथून त्यांना निसटता येईल.

महिना संपायला चार दिवस असताना सर आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तक्ते मांडले आणि पत्राचा कागदही शेजारी ठेवला, पेनासकट. सर वाचत गेले. एका पानावर थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मला त्यांची दया आली. बिचाऱ्यांच्या आलेखाचा मी मुडदा पाडला होता.

"याचा अर्थ कळतोय तुम्हाला, बाई?"

"कळतोय, सर. आलेख खोटा आहे. ते जंगलामुळे नाही, माझ्यामुळे चिडतात. अभ्यास बंद करा आणि या पत्रावर सही करा."

सर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "बंद? अहो, सोनं सापडलंय तुम्हाला! रानातला पक्षी एका माणसाला ओळखतो, वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. तो आलेख रागाचा नव्हताच, तो स्मरणशक्तीचा होता. आता यांची पिल्लं तुम्हाला ओळखतात का? तुम्हाला कधी न पाहिलेल्या पक्ष्यांना हे सांगतात का? पाच वर्षं लागतील, जास्त नाही. आणि सगळ्या जगात एकच व्यक्ती आहे जिला हे जंगल ओळखतं. आता तर तुम्हाला सोडणं शक्यच नाही."

कपाळ माझं! मी माझ्या हाताने दाराला कुलूप लावलं होतं आणि किल्ली सरांच्या हातात ठेवली होती. इतके दिवस मी निदान बदलता येण्यासारखी होते. नियम मोडला असता तर दुसरं कोणी चाललं असतं. आता मीच पाहिजे होते. बरं, ओरडावं तर कोणावर? सर वाईट माणूस असते तर किती सोपं झालं असतं. मला ताप आला तेव्हा त्यांनी शहरातून औषध पाठवलं होतं. घरट्यातून पडून पिल्लू मेलं तर हा माणूस जेवत नाही. त्यांनी मला दोरीने कधीच बांधलं नाही, ते मला कौतुकाने बांधायचे, आणि त्या गाठी सोडवायला नखं कुठे घालायची तेच कळायचं नाही.

मामा चहा ओतत होते. कपाकडे बघत पुटपुटले, "चेहराच पाहिजे ना? मग बाईंचा मुखवटा करून ठेवा की. कोणीही घालेल."

सर हसले. मी हसले नाही. मी टेबलावर हात आपटला. "मान्य आहे? माझा मुखवटा मामांनी घातला आणि पक्षी त्यांना मी समजले, तर मला जाऊ द्याल?"

सरांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते दिसत होतं. "दहा घरटी. सहा ठिकाणी तीन किंवा जास्त. तर उद्याच सही."

त्या दुपारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उताणी पडले. मामांनी माझ्या तोंडाला तेल फासलं, नाकपुड्यांत पपईच्या देठाचे दोन तुकडे खुपसले आणि रद्दी कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून तोंडावर चिकटवत गेले. गाल, कपाळ, मग डोळे. डोळ्यांवर कागद आला तसं सगळं गार आणि काळं झालं. "हलू नका बाई," मामांचा आवाज लांबून आला. "बोलू नका. हसूही नका, नाहीतर पक्ष्यांना वाटेल तुम्ही सुधारलात." चाळीस मिनिटं मी तशीच पडून. कागद आवळत गेला, खाज सुटली, श्वास त्या दोन देठांतून शिट्टी वाजवत ये-जा करत होता. जीव घुसमटला. पण मनात एकच होतं: हा चेहरा इथेच ठेवायचा आणि आपण निघायचं. चांगला निघू दे रे बाबा, हुबेहूब निघू दे.

निघाला! बल्बच्या कपाटात वाळवून रंगही मामांनीच दिला. कपाळावरची जखमेची खूण, भुवयांमधली आठी, सगळं. ड्रायव्हर दचकून म्हणाला, "हा तुमच्यापेक्षा जास्त रागीट दिसतोय." ऐकून मी खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी माझा शर्ट, माझी टोपी, माझे बूट आणि माझं तोंड घातलं. मी आणि सर पानांच्या लपणात बसलो. मी डोक्यावरून गोणपाट घेतलं होतं, फक्त डोळ्यांपुरती फट. सरांच्या हातात घड्याळ. पहिलं घरटं अकरा नंबरचंच.

मामा झाडाखाली जाऊन उभे राहिले. दुरून बघताना माझ्याच अंगावर काटा आला. ती मी होते, दुसरं कोणी नाही. नर उडून खालच्या फांदीवर आला. पायात निळं-पिवळं कडं; नऊ वर्षांपूर्वी मीच घातलेलं. त्याने मान तिरकी करून मुखवट्याकडे पाहिलं. या बाजूने, त्या बाजूने. मी मनात म्हणत होते, मार. मार मेल्या, हीच ती. तुझी सगळी पोरं हिनेच हाताळलीत, फोड डोकं!

"च्यॅक," तो म्हणाला आणि पिसं साफ करू लागला.

एक मिनिट होत आलं. मला राहवलं नाही. मी हललेही नसेन, नुसता श्वास सोडला असेन. निळ्या-पिवळ्याने मान आमच्याकडे वळवली. मग जो आवाज उठला तो मी बारा वर्षं ऐकत आलेय. तो सरळ लपणावर आला, त्याच्या मागे मादी, मग शेजारच्या झाडावरची जोडी. पानं उडाली. गोणपाटावर फटके बसायला लागले, एक, दोन, तीन. मी डोकं गुडघ्यांत घालून बसले. सर माझ्या शेजारीच होते, हातभर अंतरावर, त्यांना एकानेही शिवलं नाही. आणि तिकडे माझं तोंड घातलेले मामा झाडाखाली मजेत उभे होते, डोकं खाजवत.

"बाई," सर कुजबुजले, आणि त्यांचा आवाज आनंदाने कापत होता, "चेहरा झाकलेला असतानासुद्धा! कशावरून ओळखत असतील? वास? श्वास? हे तर आणखीच मोठं आहे!"

दहापैकी दहा घरट्यांवर मुखवट्याला एक मिळाला. आकडे मीच लिहिले. खोटे लिहायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण हात वळला नाही.

संध्याकाळी मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढले. फोनची रेंज तेवढी तिथेच, सातव्या पायरीला. ढमीने फोन उचलला. मी तिला सगळं सांगितलं, मुखवटा, मामा, सगळं. तिला हसवायचं होतं मला. ती हसलीही, मामांच्या ठिकाणी.

"मुखवटा तुझ्यासारखा दिसत होता?"

"हुबेहूब."

"आणि तू गोणपाटात होतीस, तरी त्यांनी तुला ओळखलं."

"हो ना. मेले!"

ती म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नकोस. मागच्या सुट्टीत तू आलीस तेव्हा मी स्टँडवर एकटी आले होते ना? मावशीने सोडलं होतं मला पहिल्यांदाच. मी खांबापाशी उभी होते. तू माझ्यासमोरून गेलीस. माझ्याकडे बघितलंस आणि पुढे गेलीस."

"काहीतरीच काय! तू मागून येऊन माझे डोळे झाकलेस. मला चांगलं आठवतंय."

"ते नंतर. आधी तू चौकशीच्या खिडकीपर्यंत गेलीस. परत आलीस. पुन्हा माझ्याकडे बघितलंस. मी केस कापले होते, चष्मा लागला होता, आणि उंच झाले होते. मी मुद्दाम हाक मारली नाही. म्हटलं, बघू किती वेळ लागतो. तिसऱ्यांदासुद्धा तू पुढे गेलीस तेव्हा मला रडू यायला लागलं, म्हणून मग मागून येऊन डोळे झाकले."

मी शिडीची सळई घट्ट धरली.

"जाऊ दे," ढमी म्हणाली. "तुझं काम असतं. मी फक्त सांगितलं."

मी खाली उतरले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. सर टेबलावर पाच वर्षांची आखणी करत बसले होते. मी त्यांच्याच वहीतला एक कागद फाडला, उभ्याउभ्या चार ओळींचा राजीनामा लिहिला आणि आखणीवर ठेवला.

त्यांनी वाचला. "बाई, भावनेच्या भरात बारा वर्षं पाण्यात घालताय. संग्रहालयाची जागाही जाईल. करणार काय तुम्ही?"

"माहीत नाही, सर."

"आणि हे काम? तुमच्याशिवाय हे कोणालाही जमणार नाही."

"मग राहू दे ते."

ते दुखावले. मलाही वाईट वाटलं, ते काही लपवत नाही. मी पुढे काही बोलले तर विरघळेन, म्हणून बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ड्रायव्हरने मला जीपमधून नाक्यावर सोडलं. निघण्याआधी मी ढमीला फोन करून बसची वेळ सांगितली, आणि बजावलं, "स्टँडवर ये. पण हाक मारायची नाही. डोळे झाकायचे नाहीत. मी शोधीन."

बस दुपारी पोचली. शाळा नुकत्याच सुटल्या होत्या आणि स्टँडवर पोरीच पोरी, सगळ्यांचे एकसारखे गणवेश, एकसारखी दप्तरं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी बॅग खाली ठेवली आणि एकेक चेहरा बघत फिरू लागले. एकीला वाटलं मी तिला काही विचारतेय. एकीच्या आईने मला बाजूला सरायला सांगितलं. चष्मेवाल्या तर कितीतरी होत्या. वाटलं, ओरडून हाक मारावी. नाही मारली. मग पाण्याच्या नळापाशी एक उंच मुलगी दिसली, खाली बघत बुटाने फरशीवर रेघ ओढत होती. चष्मा काढून हातात धरला होता, केसही वाढले होते. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ढमे," मी म्हटलं.

तिने आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. तिचे डोळे भरले होते.

"सहा मिनिटं," ती म्हणाली.

"लिहून ठेव," मी म्हटलं, आणि तिचं दप्तर माझ्या खांद्यावर घेतलं.